डेस्कटॉपवरचं गुगल अर्थ प्रो: अपडेट, नव्या प्रतिमा आणि आपल्या पिना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशाच्या कामात लोकांना मदत करता करता गुगल अर्थबद्दलचे प्रश्न माझ्याकडे साठत गेले. विचारणारे वेगळे, शब्द वेगळे, पण प्रश्न फिरून तेच येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत: साधे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ३ आणि प्रश्न ९ वाचा. लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान या दोन ठिकाणी होताना मी पाहिलं आहे.

१. गुगल अर्थ, गुगल अर्थ प्रो आणि ब्राउझरमधलं गुगल अर्थ यांत फरक काय? मी कोणतं घेऊ?

कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं ते गुगल अर्थ प्रो. पूर्वी साधं आणि प्रो अशा दोन डेस्कटॉप आवृत्त्या होत्या, आता प्रो तेवढी उरली आहे. ब्राउझरमधलं गुगल अर्थ हा वेगळा प्रोग्रॅम आहे. तो एप्रिल २०१७ मध्ये आला, सुरुवातीला फक्त क्रोममध्ये चालायचा आणि २०२० पासून फायरफॉक्स, एज वगैरे ब्राउझरांतही चालू लागला.

ठिकाण पाहायचं असेल, मुलांना ज्वालामुखी दाखवायचा असेल, चार पिना, म्हणजे नकाशावरच्या खुणा, लावून कुणाला पाठवायच्या असतील तर ब्राउझर पुरेसा आहे. पण शेपफाइल (नकाशावरच्या आकृत्यांची फाइल) किंवा जिओटिफ (जागेचे आकडे जोडलेलं चित्र) उघडायची असेल, शेकडो पिनांचे फोल्डर सांभाळायचे असतील, टूर, म्हणजे गोलावरची फेरी, रेकॉर्ड करून तिचा व्हिडिओ बनवायचा असेल किंवा मोठ्या आकारात छपाईजोगं चित्र काढायचं असेल तर डेस्कटॉप घ्या. मी दोन्ही वापरते. मोजणीचं आणि साठवणुकीचं काम मात्र डेस्कटॉपवरच करते.

२. प्रोला पैसे पडतात ना? लायसन्स की कुठून मिळेल?

पडायचे, वर्षाला ३९९ डॉलर. जानेवारी २०१५ पासून प्रो मोफत आहे आणि आताच्या आवृत्तीला लायसन्स कीसुद्धा लागत नाही. की विकतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका, आणि गुगलच्या स्वतःच्या पानाशिवाय दुसरीकडून इन्स्टॉलर उतरवू नका.

३. मी आजच नवी आवृत्ती टाकली, तरी आमच्या भागाचं चित्र जुनंच का दिसतं?

कारण प्रोग्रॅम आणि प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही आपापल्या गतीनं बदलतात.

प्रोग्रॅम म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर बसलेली खिडकी: मेनू, मोजपट्टी, पिना लावायची सोय, ग्राफिक्स. नवी आवृत्ती आली की ही खिडकी सुधारते. तिच्यातून दिसणारी उपग्रहचित्रं आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं गुगलच्या सर्व्हरवर असतात. तुम्ही जिथे पाहता तेवढाच तुकडा इंटरनेटवरून उतरतो. तिथली चित्रं बदलली की दोन वर्षं जुन्या आवृत्तीतही नवीच दिसतात, आणि बदलली नसतील तर सकाळीच टाकलेल्या ताज्या आवृत्तीतही जुनीच.

त्यामुळे ‘चित्र जुनं आहे’ ही तक्रार प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकल्यानं कधीच सुटत नाही. त्याऐवजी आधी चित्राची तारीख वाचा (प्रश्न ५), मग त्याच जागेच्या इतर तारखा तपासा (प्रश्न ७) आणि शेवटी कॅश रिकामी करून पाहा (प्रश्न १३).

४. माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे? ती आपोआप अपडेट होते का?

हेल्प मेनूतलं ‘अबाउट गुगल अर्थ प्रो’ उघडा. तिथे ७.३ नं सुरू होणारा आकडा दिसेल. विंडोज आणि मॅकवर गुगलचा अपडेटर मागच्या मागे काम करतो. लिनक्सवर पॅकेज टाकतानाच गुगलचं भांडार यादीत जोडलं जातं, त्यामुळे बाकीच्या सॉफ्टवेअरबरोबर तेही अपडेट होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अपडेटर बंद ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर ते काम तुमच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाकडे सोपवा.

५. दिसतंय ते चित्र नेमकं कधीचं, हे कसं कळणार?

हवी ती जागा मध्यभागी आणा, पुरेसं जवळ जा आणि खिडकीच्या तळाच्या पट्टीत ‘इमेजरी डेट’ वाचा. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर असू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा. जिथे इमारती त्रिमितीय दिसतात तिथे आधी डावीकडच्या थरांमधून ‘थ्रीडी बिल्डिंग्ज’ची खूण काढा आणि मग तारीख पाहा. त्रिमितीय दृश्य आणि खालचं सपाट चित्र वेगवेगळ्या वेळी घेतलेलं असतं.

इथे एक चूक जाणती माणसंही करतात. चित्रावर मॅक्सर, एअरबस किंवा लँडसॅट, कोपर्निकस अशी चित्रं पुरवणाऱ्यांची नावं आणि शेजारी स्वामित्वहक्काचं वर्ष असतं. ते वर्ष चित्र घेतल्याचं नसतं. एका अहवालात मी हेच वर्ष प्रतिमेचं वर्ष म्हणून छापलेलं पाहिलं होतं. त्या एका आकड्यामुळे ‘झाडतोड कधी झाली’ या प्रश्नाचं सगळं उत्तरच चुकलं होतं.

६. नवी प्रतिमा किती दिवसांनी येते? मागणी केली तर लवकर येईल का? थेट दृश्य दिसतं का?

थेट दृश्य नाही. रस्त्यावर दिसणारी गाडी त्या चित्राच्या दिवशी तिथे होती, एवढाच त्याचा अर्थ.

ठरलेलं वेळापत्रकही नाही. दाट वस्तीच्या शहरांना नवी चित्रं लवकर मिळतात, वाळवंटं आणि विरळ वस्तीचे डोंगर बरीच वर्षं मागे राहतात. ढगांचाही मोठा वाटा असतो: वर्षातला बराच काळ आभाळ भरलेलं राहतं अशा प्रदेशात स्वच्छ चित्र मिळणंच अवघड. मागणी केली म्हणून तुमच्या भागाची पाळी आधी लागत नाही. चुकीचं नाव किंवा सरकलेलं चित्र दिसलं तर अभिप्राय जरूर पाठवा.

अगदी ताजं चित्र हवं असेल तर युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातली सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. त्यांत एक पिक्सेल १० मीटरचा असतो, म्हणजे घर ओळखू येणार नाही, पण तलाव आटला का, रान जळालं का, नदीनं पात्र बदललं का हे स्पष्ट दिसतं. जिओटिफ स्वरूपात उतरवलेलं चित्र गुगल अर्थ प्रोमध्ये थर म्हणून टाकता येतं.

७. ‘हिस्टॉरिकल इमेजरी’त मूळ दृश्यापेक्षा नवी प्रतिमा सापडली. हे कसं काय?

हे बऱ्याचदा होतं, आणि म्हणूनच ही सोय फक्त ‘जुनं पाहण्यासाठी’ आहे असं समजू नका. प्रोग्रॅम उघडल्यावर दिसणारा पृथ्वीगोल हजारो तुकडे जोडून केलेला असतो. त्यात प्रत्येक तुकडा सगळ्यात नवा असेलच असं नाही. कमी ढग, कमी धुरकं, शेजारच्या तुकड्याशी जुळणारा रंग हेही पाहिलं जातं. मग एखादं नवं पण ढगाळ किंवा तिरक्या कोनातून घेतलेलं चित्र मूळ दृश्यात न येता तारखांच्या यादीत जाऊन बसतं.

वरच्या टूलबारवर घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबा. डाव्या कोपऱ्यात सरकपट्टी येईल. ती अगदी उजवीकडे नेली की त्या जागेची सगळ्यात अलीकडची तारीख मिळते, डावीकडे नेत गेलात की काळ मागे जातो. माउसनं ओढण्यापेक्षा पट्टीच्या टोकांचे बाण वापरा, एकही तारीख सुटत नाही. नदीच्या वळणावर हे करून पाहा. एका तारखेला वाळूचा दांडा पाण्याच्या डाव्या अंगाला, पुढच्या तारखेला तो अर्धा कापलेला, त्याच्या पुढच्या तारखेला त्यावर गवत. दहा-बारा क्लिकमध्ये नदी कशी सरकते ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

यातला एक अपवाद: अगदी जुन्या, धूसर चित्रांवर ३१ डिसेंबर अशी तारीख दिसली तर तो दिवस खरा मानू नका. ते लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या वर्षभराच्या चित्रांतून तयार केलेलं जोडचित्र असतं आणि तारीख फक्त वर्ष सांगण्यापुरती असते.

८. सुरुवातीपासून यात खरोखर काय काय सुधारलं?

मूळ प्रोग्रॅम गुगलचा नव्हता. २००१ साली स्थापन झालेल्या कीहोल कंपनीचं ‘अर्थव्ह्यूअर’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. २००४ मध्ये गुगलनं ती कंपनी घेतली आणि जून २००५ मध्ये ‘गुगल अर्थ’ लोकांसमोर आलं. पिना आणि रेषा ज्या फाइलमध्ये साठवल्या जातात त्या केएमएलच्या नावातला ‘के’ त्या कीहोलचाच. २००६ मध्ये मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या आल्या. ऑगस्ट २००७ मध्ये तारांगण आणि विमान उडवण्याचा सिम्युलेटर आला. एप्रिल २००८ मध्ये स्ट्रीट व्ह्यू आणि सूर्यप्रकाशाची पट्टी आली. त्याच महिन्यात केएमएलला ‘ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्शिअम’नं मानक म्हणून मान्यता दिली. मेनूत दिसणारं नसलं, तरी या निर्णयाचं महत्त्व मोठं आहे, कारण तुमची फाइल त्यानंतर एकाच कंपनीच्या प्रोग्रॅमला बांधलेली राहिली नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठं पाऊल फेब्रुवारी २००९ ची पाचवी आवृत्ती. जुन्या तारखांची प्रतिमा, समुद्राचा तळ, मंगळ आणि टूर रेकॉर्डिंग हे सगळं एकदम आलं. त्याच वर्षी २० जुलैला, माणूस चंद्रावर उतरला त्याच्या चाळिसाव्या वर्षदिनी, चंद्रही आला. २०१० मध्ये वाटेच्या चढउताराचा आलेख आणि त्रिमितीय झाडं आली, तर २०१२ च्या सातव्या आवृत्तीपासून विमानातून तिरक्या कोनांत काढलेल्या छायाचित्रांवरून बनवलेली शहरं.

२०१७ पासून नवीन गोष्टी आधी ब्राउझरकडे जाऊ लागल्या. २०२१ मध्ये तिथे टाइमलॅप्स आला: १९८४ पासूनची २ कोटी ४० लाख उपग्रहचित्रं जोडून पृथ्वीचा बदल फिरत्या चित्रासारखा दाखवणारा. डेस्कटॉपची ७.३ ही मालिका त्यानंतर मुख्यतः दुरुस्त्या, सुरक्षितता आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळवून घेणं यावर चालली आहे. रोजच्या कामाच्या माणसाला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मेनू जागच्या जागी राहतात, ही मोठी सोय आहे.

९. अपडेट केलं किंवा काढून पुन्हा टाकलं तर माझ्या पिना जातील का?

साध्या अपडेटनं जात नाहीत. तुमच्या पिना ज्या ‘माय प्लेसेस’ फोल्डरात दिसतात त्यातलं सगळं ‘मायप्लेसेस डॉट केएमएल’ नावाच्या एकाच फाइलमध्ये असतं. विंडोजवर ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘लोकल-लो’मध्ये गुगल अर्थच्या फोल्डरात सापडते. शेजारी तिची बॅकअप प्रतही असते. प्रोग्रॅम काढला तरी ही फाइल बहुधा तिथेच राहते.

जातात त्या अशा वेळी: डिस्क फॉरमॅट केली, विंडोजवर नवा युजर केला, कॉम्प्युटर बदलला किंवा काम चालू असताना वीज गेली. शेवटचं माझ्या बाबतीत झालं आहे. डोंगरातल्या पाण्याच्या जागांच्या सव्वाशे पिना मी एका दुपारी लावल्या होत्या. प्रत्येकीत झऱ्याचं नाव आणि तिथल्या माणसांनी सांगितलेला महिना, म्हणजे पाणी कधीपर्यंत टिकतं तो. वीज गेली आणि परत उघडलं तर फोल्डर सकाळी होता तसाच, रिकामा. प्रोग्रॅम नीट बंद केला की फाइल लिहिली जाते, मध्येच बंद पडला की शेवटचं काम लिहायचं राहून जातं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जागा पुन्हा शोधता आल्या. माणसांनी सांगितलेले महिने परत मिळवायला दोन फेऱ्या लागल्या, आणि त्यातले एक आजोबा तोवर राहिले नव्हते.

म्हणून कळकळीनं सांगते. काम करताना मध्येमध्ये फाइल मेनूतून ‘सेव्ह माय प्लेसेस’ करा. आणि प्रत्येक अपडेटच्या आधी ‘माय प्लेसेस’वर उजवं क्लिक करून ‘सेव्ह प्लेस अ‍ॅज’नं केएमझेड प्रत (प्रश्न ११) काढा, नावात तारीख घाला आणि ती दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. एका मिनिटाचं काम आहे.

१०. घरच्या कॉम्प्युटरवरच्या पिना ऑफिसात का दिसत नाहीत?

डेस्कटॉपवरचं ‘माय प्लेसेस’ क्लाउडला जोडलेलं नाही. फाइल हातानं न्यावी लागते (प्रश्न ९ मधली केएमझेड प्रत). ब्राउझरमधले प्रोजेक्ट मात्र गुगल ड्राइव्हवर राहतात आणि सगळीकडे दिसतात.

११. केएमएल पाठवली, पण समोरच्याला माझ्या फोटोच्या जागी लाल फुली दिसते. का?

केएमएल म्हणजे साधा मजकूर. त्यात चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा असेल तर समोरच्याला तिथे काहीच मिळत नाही. केएमझेड म्हणजे हीच केएमएल, चित्रं आणि चिन्हं यांच्यासह झिप केलेली. सेव्ह करतानाच्या खिडकीत प्रकार केएमझेड निवडा, तुमची चित्रं फाइलच्या पोटात जातात. जुना कागदी नकाशा स्कॅन करून जमिनीवर बसवला असेल तर हे विसरूच नका. तो स्कॅन दुसऱ्या फोल्डरात हलवला तरी तुमच्याच कॉम्प्युटरवर थर रिकामा दिसू लागतो.

१२. अपडेटनंतर पृथ्वीगोल काळा दिसतो किंवा प्रोग्रॅम उघडताच बंद पडतो. काय करू?

बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरशी न जुळण्यात असतो. या क्रमानं जा: आधी ड्रायव्हर अपडेट करा. मग टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये ‘थ्रीडी व्ह्यू’ उघडून ग्राफिक्सचा प्रकार बदला. विंडोजवर डायरेक्टएक्स असेल तर ओपनजीएल, ओपनजीएल असेल तर डायरेक्टएक्स. हेल्प मेनूत दुरुस्तीचं साधन म्हणजे ‘रिपेअर टूल’ आहे. तेही हा बदल करतं, कॅश पुसतं आणि ग्राफिक्स कार्डाची चाचणी घेतं.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं असतील तर प्रोग्रॅम कमकुवत कार्डावर चालत नाही ना ते विंडोजच्या सेटिंगमध्ये पाहा. हे सगळं करण्याआधी पिनांची प्रत मात्र काढा.

१३. कॅश म्हणजे काय? ती किती ठेवावी आणि इंटरनेट नसताना उपयोगी पडते का?

पाहून झालेले तुकडे प्रोग्रॅम डिस्कवर साठवतो, म्हणजे पुन्हा त्याच जागी गेलात की ते लगेच दिसतात. हाच साठा म्हणजे कॅश. ऑप्शन्समधल्या ‘कॅश’ पानावर तिची मर्यादा ठरवता येते, जास्तीत जास्त सुमारे २ जीबी. कधी कधी सर्व्हरवर चित्र बदललेलं असतं आणि तुमच्याकडे साठ्यातलंच येत राहतं. अशा वेळी फाइल मेनूतून सर्व्हरमधून साइन आउट व्हा आणि मग त्याच पानावरून कॅश पुसा.

इंटरनेट नसलेल्या जागी जायचं असेल तर आदल्या दिवशी हवा तो भाग हळूहळू, जवळून, सगळ्या बाजूंनी फिरून पाहून ठेवा. तेवढा भाग तिथे दिसेल. शोध मात्र चालणार नाही. आणि निघायच्या आधी कॅश पुसू नका.

१४. नवी आवृत्ती मला मानवत नाही. जुनी परत टाकता येईल का?

येईल. गुगलच्या मदत पानावर ७.३ मालिकेतल्या काही आधीच्या आवृत्त्यांचे थेट इन्स्टॉलर ठेवलेले आहेत. दोष दुसरीकडे असेल तर जुनी आवृत्ती टाकूनही तो राहतो, म्हणून आधी प्रश्न १२ मधले उपाय करून पाहा.

१५. एक्सेलमधून केएमएल बनवली तर सगळ्या पिना समुद्रात गेल्या. काय चुकलं?

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, केएमएलमध्ये रेखांश आधी, मग अक्षांश, मग उंची. आयफेल टॉवर ४८.८५८४ उत्तर, २.२९४५ पूर्व असा लिहिला जातो. केएमएलच्या आत तो २.२९४५,४८.८५८४,० असा हवा. उलटा घातलात तर पॅरिसची पिन सोमालियाच्या किनाऱ्याबाहेर हिंद महासागरात पडते. शोधाच्या चौकटीत टाइप करताना मात्र नेहमीचा क्रम, म्हणजे अक्षांश आधी.

शेपफाइलच्या बाबतीत कारण निराळं असतं. ती एक फाइल नसून तीन-चार फाइलींचा संच असतो. त्यातली ‘पीआरजे’ सोबत नसेल तर आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत हे प्रोग्रॅमला कळत नाही.

१६. इतकी वर्षं सुधारणा होऊनही काही पूल नदीत वितळल्यासारखे का दिसतात?

सपाट चित्र जमिनीच्या उंचसखलपणाच्या मॉडेलवर चादरीसारखं अंथरलेलं असतं. त्या मॉडेलमध्ये दरी असते, पूल नसतो. त्यामुळे चित्रातला पूल दरीच्या कडेनं खाली उतरतो, तळाशी जातो आणि पलीकडून वर चढतो. अशा मॉडेलांना मोठा आधार मिळाला तो फेब्रुवारी २००० मधल्या मोहिमेचा. एन्डेव्हर या अंतराळयानानं ११ दिवसांत रडारनं ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन मोजली. ती माहिती सुमारे ३० मीटरच्या जाळीची आहे. अरुंद कडा, बारीक घळ, बांध अशा गोष्टी त्या जाळीतून निसटतात.

त्रिमितीय छायाचित्रांचा थर आलेल्या शहरांत बरेच पूल सरळ झाले आहेत. डोंगर उठावदार दिसण्यासाठी उंची वाढवून दाखवणारं सेटिंग ऑप्शन्समध्ये आहे. ते १ वर नसेल तर दृश्य आणखी विचित्र दिसतं, आधी ते तपासा.

१७. माझ्या जीपीएसची उंची आणि गुगल अर्थची उंची जुळत नाही. कोण चुकतं?

बहुधा कुणीच नाही. गुगल अर्थ उंची सरासरी समुद्रसपाटीच्या मॉडेलपासून मोजतं, त्याचं नाव ईजीएम ९६. काही जीपीएस यंत्रं गणिती लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीचा आकार गुळगुळीत मानून धरलेल्या पृष्ठभागापासूनची, उंची देतात. या दोन पृष्ठभागांत पृथ्वीवर काही ठिकाणी १०० मीटरच्या आसपास फरक आहे. यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणती उंची निवडली आहे ते पाहा. त्यानंतर उरणारा पाच-दहा मीटरचा फरक उंचीच्या मॉडेलमुळे असतो (प्रश्न १६).

१८. तारीख बदलली की घर काही मीटर सरकतं. मग हद्दीच्या भांडणात हे मोजमाप चालेल का?

हद्दीसाठी नाही. उपग्रह दर वेळी वेगळ्या कोनातून पाहतो आणि प्रत्येक चित्र जमिनीवर बसवताना थोडी चूक राहते. उंच इमारती आणि डोंगरउतार जास्त सरकतात. पिन तिच्या आकड्यांवर स्थिर असते, तिच्याखालचं चित्र हलतं. दोन तारखांची तुलना करायची असेल तर दोन्हींत दिसणारी एखादी न बदलणारी खूण पकडा, विहिरीची कड किंवा रस्त्याचा चौक, आणि तिथे किती सरकलं ते आधी मोजून घ्या.

मोजपट्टी उतारावर दोन लांबी दाखवते: नकाशावरची आणि जमिनीवरची. पायवाटेसाठी दुसरी उपयोगी. जमिनीच्या कायदेशीर क्षेत्रासाठी प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही.

१९. उडत्या विमानाशेजारी रंगीत भुतं दिसतात आणि काही जुन्या चित्रांवर तिरके पट्टे. हे बिघाड आहेत का?

प्रोग्रॅमचे बिघाड नाहीत. उपग्रह लाल, हिरवा, निळा हे रंग एकाच क्षणी टिपत नाही, त्यांत सेकंदाच्या अंशाचं अंतर असतं. जमीन स्थिर असल्यानं रंग एकमेकांवर बसतात. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात २५ मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून पांढऱ्या विमानामागे लाल, हिरवी, निळी प्रत एका ओळीत दिसते. जवळ जाऊन बघा, फार सुंदर दिसतं.

तिरके पट्टे लँडसॅट ७ चे. मे २००३ मध्ये त्या उपग्रहाचं एक यंत्र निकामी झालं आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात रिकाम्या पट्ट्या येऊ लागल्या. २०१६ मध्ये गुगलनं दुरून दिसणाऱ्या दृश्यासाठी लँडसॅट ८ ची चित्रं घेतली, तेव्हा बऱ्याच ठिकाणचे हे डाग गेले.

२०. समुद्राच्या तळावर आखल्यासारख्या सरळ रेषा दिसतात. खाली काही बांधलेलं आहे का?

नाही. जहाजं ध्वनिलहरींनी खोली मोजत ज्या वाटांनी गेली त्या वाटा आहेत. तेवढ्या पट्टीत माहिती बारीक, आजूबाजूला अंदाजाची, म्हणून सांधा दिसतो. २००९ मध्ये कॅनरी बेटांजवळच्या अशाच जाळीला लोकांनी बुडालेलं अटलांटिस ठरवलं होतं. २०१२ मध्ये सुधारलेली माहिती आली आणि ती जाळी गेली.

उलटही घडतं. न्यू कॅलेडोनियाजवळ ‘सँडी आयलंड’ नावाचं बेट कित्येक नकाशांवर आणि गुगल अर्थवरही होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं सदर्न सर्व्हेअर हे संशोधन जहाज तिथे पोचलं, तर तिथे १,४०० मीटर खोल पाणी होतं. त्यानंतर बेट नकाशावरून काढलं गेलं. गोलावर काही दिसतं म्हणून ते असतंच असं नाही, विशेषतः समुद्रात.

२१. पूर्वी लोकांनी काढलेले फोटो दिसायचे, वेबसाइटवर पृथ्वीगोल लावता यायचा. ते थर कुठे गेले?

फोटो पॅनोरामिओ या सेवेतून यायचे. ती नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाली. वेबसाइटवर गोल दाखवणारं प्लगइन बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०१४ मध्ये झाली होती, कारण ब्राउझरांनीच त्या प्रकारच्या प्लगइनांना जागा ठेवली नाही. तसं काही बनवायचं असेल तर सीझियम हे मुक्त स्रोत साधन पाहा.

२२. डेस्कटॉपची फाइल ब्राउझरमध्ये टाकली तर सगळं तसंच दिसेल का?

पिना, रेषा, क्षेत्रं नीट येतात. गुंतागुंतीच्या गोष्टी, म्हणजे रेकॉर्ड केलेली टूर, काही प्रकारचे चित्रथर, बाहेरच्या फाइलींना जोडणारे दुवे, डेस्कटॉपसारख्या चालतील असं धरून चालू नका. मूळ फाइल हलवू नका, प्रत टाकून तपासा. वर्षानुवर्षांचं काम असेल तर ते थोडं थोडं, फोल्डरनिहाय न्या म्हणजे कुठे काय गळलं ते लगेच कळतं.

डेस्कटॉप प्रोग्रॅमला पर्यायही आहेत: केडीईचा मार्बल, एझ्रीचा आर्कजीआयएस अर्थ. दोन्ही केएमएल उघडतात.

२३. अहवालात किंवा वर्गात यातलं चित्र वापरलं तर चालेल का?

चित्राच्या तळाशी गुगल आणि प्रतिमा पुरवणाऱ्यांची नावं असतात, ती कापू नका किंवा झाकू नका. जाहिरात, विक्रीचं पुस्तक, टीव्ही यासाठी नियम वेगळे आहेत, गुगलच्या वापरनियमांचं पान आधी वाचा. फाइल मेनूतून ‘सेव्ह इमेज’ केलंत तर शीर्षक, सूची आणि मापपट्टी घालता येते, स्क्रीनशॉटपेक्षा ते बरं. आणि चित्राखाली प्रतिमेची तारीख स्वतः लिहा (प्रश्न ५). पाच वर्षांनी तो अहवाल उघडणाऱ्याला सरकपट्टीवर तीच तारीख शोधून तुमचं म्हणणं तपासता येईल.